अपडेटनंतर लॅपटॉप बसला, म्हणजे नेमके काय झाले?

"विंडोज उडाली आहे, फॉरमॅट मारावा लागेल." रात्री अपडेटला लावलेला लॅपटॉप सकाळी उठला नाही की हे वाक्य कुठून तरी ऐकू येतेच. कधी दुकानदाराकडून, कधी इमारतीतल्या हुशार पोराकडून. मालक घाबरलेला असतो, दुरुस्त करणाऱ्याला काम उरकायचे असते आणि फॉरमॅट हा दोघांनाही सरळ रस्ता वाटतो. त्या रस्त्यात मुलांचे फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन, प्रबंधाचे अर्धे प्रकरण असे काय काय पुसले जाते. वास्तविक अपडेट फसते तेव्हा बिघडलेल्या असतात विंडोजच्या काही फाइली किंवा एखादा ड्रायव्हर. आपल्या फाइली डिस्कवर बहुतेक वेळा जागच्या जागी असतात. त्या जातात नंतरच्या घाईत.

गैरसमज: लॅपटॉप "सुरूच होत नाही"

हे वर्णन अपुरे आहे, आणि अर्धी चूक इथेच होते. लॅपटॉप सुरू होताना ठरावीक पायऱ्या चढतो. तो कोणत्या पायरीवर थांबला ते पडद्याकडे नीट पाहिले तर कळते.

बटण दाबून दिवाही लागत नसेल, पंख्याचा आवाजही नसेल, तर विंडोजपर्यंत गोष्ट पोहोचलेलीच नाही. तिथे संशय चार्जर, बॅटरी किंवा बोर्डावर घ्यायचा. चार्जर काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरावे, म्हणजे आत अडकलेला विद्युतभार निघून जातो. मग चार्जर लावून पुन्हा प्रयत्न करावा. हा उपाय भाबडा वाटतो, पण अनेकदा चालतो.

दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच असेल, तर कदाचित विंडोज आत व्यवस्थित चालू असते आणि बिघडलेला असतो तो ग्राफिक्सचा नवा ड्रायव्हर. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबल्या की ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. एचडीएमआय वायरने टीव्ही जोडून पाहणे हीदेखील चांगली परीक्षा आहे. टीव्हीवर चित्र आले तर "मदरबोर्ड गेला" म्हणणाऱ्याचे ऐकू नये.

कंपनीचा लोगो दिसून गाडी तिथेच अडली, तर आधी पेनड्राइव्ह, प्रिंटर, डाँगल असे जोडलेले सगळे काढून टाकावे. लोगोखाली ठिपके गोल फिरत राहिले किंवा निळी स्क्रीन आली, तर मात्र प्रकरण खरोखर विंडोजचे आहे, आणि त्यावरचे उपाय विंडोजमध्येच आहेत.

गैरसमज: टक्का हलत नाही म्हणजे अडकला, किंवा याच्या उलट, बटण दाबून कधीच बंद करू नये

दोन्ही अर्धसत्ये. जुन्या फिरत्या हार्डडिस्कच्या लॅपटॉपवर मोठे अपडेट एकाच आकड्यावर तासभर रेंगाळू शकते. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे, चार्जर लावून बाजूला व्हावे. पण चार-पाच तास काहीच हालचाल नसेल, तर बटण दहा सेकंद दाबून बंद करणे हे पाप नव्हे. विंडोजची रचनाच अशी आहे, की सुरू होण्याचे लागोपाठ दोन प्रयत्न फसले तर पुढच्या वेळी ती आपोआप दुरुस्तीच्या निळ्या पडद्यावर जाते. म्हणून लोगो दिसताच बटण दाबून बंद करायचे, असे दोनदा केले की तिसऱ्यांदा तो पडदा मुद्दाम उघडता येतो.

एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवावा. पडद्यावर बायॉस किंवा फर्मवेअर अपडेट होत असल्याचे लिहिले असेल तर बटणाला हात लावू नये. विंडोज अर्धवट राहिली तर पुन्हा टाकता येते. बायॉस अर्धवट राहिले तर बोर्डच मुका होऊ शकतो. काही कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये त्यावरही सुटकेची सोय असते, पण तिच्या भरवशावर राहू नये.

दुरुस्तीच्या त्या निळ्या पडद्यावर "ट्रबलशूट" आणि मग "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स" उघडले की कामाच्या गोष्टी मिळतात. पहिली "स्टार्टअप रिपेअर". दुसरी, माझ्या मते सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात दुर्लक्षित, "अनइन्स्टॉल अपडेट्स". तिथे दोन पर्याय असतात: क्वालिटी अपडेट म्हणजे दर महिन्याचे छोटे, आणि फीचर अपडेट म्हणजे नवी आवृत्ती आणणारे मोठे. ज्याच्यानंतर दुखणे सुरू झाले ते काढावे. मोठ्या अपडेटला मुदत असते: जुनी विंडोज साधारण १० दिवसच जपून ठेवलेली असते, त्यानंतर परतीचा रस्ता बंद. तिसरी, सेफ मोड. तिथे लॅपटॉप सुरू झाला तर दोष बहुधा ड्रायव्हरचा किंवा एखाद्या अँटिव्हायरसचा.

हे सगळे करूनही जमले नाही तर "रीसेट" उरते, आणि रीसेट म्हणजे फॉरमॅटच असे पुष्कळांना वाटते. त्यात "कीप माय फाइल्स" हा पर्याय असतो. तो आपले फोटो आणि कागदपत्रे ठेवतो, पण नंतर टाकलेले प्रोग्रॅम काढून टाकतो, म्हणजे टॅली, श्रीलिपी, प्रिंटरचे सॉफ्टवेअर हे सगळे पुन्हा टाकावे लागते. हिशेबाचा डेटा प्रोग्रॅमच्याच फोल्डरमध्ये असेल तर तो राहील असे धरून चालू नये. आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून, किंवा डिस्क सुटी निघत असेल तर ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडून, फाइलींची प्रत घ्यावी. दुकानात देणार असाल तर पावतीवरच लिहून घ्यावे: डेटा हवा आहे, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये.

गैरसमज: निळ्या पडद्यावर ४८ आकडे मागतोय, म्हणजे लॅपटॉप हॅक झाला

हा पडदा पाहून लोक खरोखर हादरतात, कारण तो खंडणीच्या मागणीसारखा दिसतो. तो आहे बिटलॉकरचा. लॅपटॉप चोरीला गेला तरी आतले काही वाचता येऊ नये म्हणून विंडोज डिस्कला कुलूप लावते, आणि विंडोज ११ च्या नव्या लॅपटॉपवर हे कुलूप मालकाला पत्ता नसतानाही चालू असू शकते. एरवी ते आपोआप उघडते. पण अपडेटमुळे सुरू होण्याच्या प्रक्रियेत काही बदलले की लॅपटॉपला वाटते कुणीतरी छेडछाड केली, आणि तो किल्ली मागतो. मे २०२५ मध्ये विंडोज १० च्या मासिक अपडेटनंतर इंटेलच्या काही प्रोसेसरांवर नेमके हेच झाले. मायक्रोसॉफ्टला काही दिवसांत तातडीची दुरुस्ती काढावी लागली.

ही किल्ली म्हणजे ४८ अंक, सहा-सहाचे आठ गट. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला त्या खात्यात ती साठवलेली असते; मोबाइलवरून खाते उघडून उपकरणांच्या यादीत पाहावे. पडद्यावर दिसणारी "की आयडी" जुळते का ते बघून मगच आकडे घालावेत. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर किल्ली आयटी विभागाकडे असते. आणि आपल्याकडचा खास घोळ: नवा लॅपटॉप दुकानदारानेच आपल्या किंवा तिथल्या तिथे काढलेल्या खात्यावरून सुरू करून दिला असेल, तर किल्ली त्या खात्यात आहे. आज लॅपटॉप नीट चालत असेल तर हे आजच तपासावे. किल्ली नसेल तर डेटा परत मिळवण्याचा कोणताही मार्ग नाही; मायक्रोसॉफ्टकडेही तुमच्या कुलपाची दुसरी गुपित किल्ली नसते. इंटरनेटवर सापडलेल्या "हेल्पलाइन"वर पैसे भरून ती मिळेल असे सांगणारा माणूस ठग समजावा.

गैरसमज: जुलै २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अपडेटने जग बंद पाडले

१९ जुलै २०२४. आपल्याकडे सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटे झाली असताना क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या फाल्कन प्रणालीसाठी एक छोटी फाइल पाठवली. विंडोज अपडेटशी तिचा संबंध नव्हता, आणि तो सायबर हल्लाही नव्हता. फाल्कन विंडोजच्या गाभ्यात शिरून काम करते. सदोष फाइल वाचताना ती कोसळली आणि सोबत विंडोजही. कंपनीने ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली, तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख संगणक निळे पडले होते. भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. तरी हे विंडोज संगणकांच्या एक टक्क्याहून कमी होते, आणि घरगुती लॅपटॉप जवळपास सुटले, कारण फाल्कन कंपन्याच विकत घेतात.

दुरुस्ती काय होती? सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल पुसायची. कुणाचाही डेटा गेला नव्हता. पण सुरूच न होणाऱ्या यंत्राला दुरुस्ती इंटरनेटवरून पाठवता येत नाही, म्हणून हे काम बहुतेक ठिकाणी एकेका संगणकासमोर बसून करावे लागले, आणि बिटलॉकरच्या किल्ल्या शोधण्यात आणखी वेळ गेला. पुढे मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ मध्ये "क्विक मशीन रिकव्हरी" आणली ती यामुळेच: लॅपटॉप उठत नसेल तर दुरुस्तीच्या पडद्यावरूनच इंटरनेटला जोडून उपाय उतरवून घेणे.

"अपडेटने डिस्क जाळली" ही आवईही अशीच. ऑगस्ट २०२५ मध्ये विंडोज ११ च्या एका अपडेटने एसएसडी मरतात असे व्हिडिओ फिरले. एसएसडीचे कंट्रोलर बनवणाऱ्या फायसन कंपनीने ४,५०० तासांहून अधिक चाचण्या केल्या. दोष दिसला नाही. मायक्रोसॉफ्टलाही संबंध आढळला नाही. मात्र अपडेट डिस्कवर एकदम बरेच लिहिते आणि मग रीस्टार्ट मागते. महिनोन्महिने फक्त झाकण मिटून ठेवलेल्या लॅपटॉपची आधीच कुरकुरणारी डिस्क त्या दिवशी उघडी पडते, आणि नाव अपडेटचे होते.

मॅकवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. २०२० मध्ये मॅकओएसची बिग सर ही आवृत्ती आली तेव्हा २०१३-१४ चे काही तेरा इंची मॅकबुक प्रो काळ्या पडद्यावर अडकले होते. ॲपलच्या स्वतःच्या चिपवाल्या मॅकमध्ये पॉवरचे बटण धरून ठेवले की दुरुस्तीचे पर्याय येतात. तेही न आल्यास दुसऱ्या मॅकला जोडून "रिव्हाइव्ह" करायचे. त्याच्या शेजारचे "रिस्टोअर" मात्र सगळे पुसते. लिनक्समध्ये सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या यादीतून जुना कर्नल निवडला की बहुधा काम भागते.

गैरसमज: यापेक्षा अपडेट कायमचे बंद ठेवलेले बरे

वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस आठवावा. त्याने वापरलेली फट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ च्या अपडेटने बुजवली होती. हल्ला झाला १२ मे रोजी. मधल्या दोन महिन्यांत ज्यांनी अपडेट घेतले नाही त्यांचे संगणक गेले. बंद करण्याऐवजी थोडे थांबावे. मासिक अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडे त्या रात्री, येते. सेटिंगमध्ये "पॉज" करून आठवडाभर थांबले तर घोळ असल्यास तोवर जगभर बोभाटा झालेला असतो. विवरणपत्र भरण्याचा शेवटचा दिवस किंवा ऑनलाइन परीक्षा असलेल्या आठवड्यात तर पॉज करावेच. आणि ज्या संध्याकाळी वीज जा-ये करते आहे, बॅटरी तासभरही टिकत नाही, त्या संध्याकाळी "अपडेट अँड शट डाउन" दाबू नये.