जुना रोटाव्हेटर घेताय? आधी एवढं करा

शेतकरी बंधूंनो, जुना रोटाव्हेटर स्वस्तात मिळाला, तरी लगेच रानात घालू नका. ट्रॅक्टर बंद करा, पीटीओ शाफ्ट काढा, यंत्र लाकडी ठोकळ्यांवर पक्कं टेकवा आणि रोटर हातानं फिरवून पाहा. खरखर आली किंवा रोटर वरखाली हलला, तर बेअरिंग गेलं समजा. गिअरबॉक्समधलं तेल पांढुरकं दिसलं, तर आत पाणी शिरलंय. ऑईल सील बदलून नवं 90 नंबरचं तेल भरा. झिजलेली पाती डावी-उजवी पाहून जोडीनं बदला, नाहीतर यंत्र थरथरतं.

एका गोष्टीत मात्र काटकसर नको. शाफ्टवर गार्ड बसवाच. शाफ्ट मिनिटाला 540, म्हणजे सेकंदाला 9 फेरे घेतो. धोतराचा सोगा अडकला, तर सोडवायला वेळ मिळत नाही.