एकच पत्ता दोनदा

आमच्या घरी टेलिफोनशेजारी एक वही असायची. अब्बांच्या अक्षरातली. त्या वहीत डॉक्टरांचा नंबर दोन ठिकाणी होता, एकदा ‘ड’च्या पानावर आणि एकदा त्यांच्या आडनावाच्या पानावर. दोन्हीकडे नंबर एकच होता तोवर कुणाचं काही बिघडलं नाही. मग डॉक्टरांनी दवाखाना बदलला. कुणीतरी एका पानावर नवा नंबर लिहिला, दुसऱ्या पानावर जुना तसाच राहिला. एका रात्री अम्मीला दम लागला आणि नेमकं जुनं पान उघडलं गेलं. पलीकडे घंटी वाजत राहिली, उचलणारं कुणी नव्हतं. दुसरं पान सापडेपर्यंतची ती पाच-सात मिनिटं मला अजून आठवतात.

इतक्या वर्षांनी ती वही आठवली, ती संगणकामुळे.

माझ्या घरचा संगणक जुना आहे. मुलीनं त्यावर लिनक्स घराण्यातली उबुंटू ही प्रणाली घालून दिली. कविता टंकायच्या, मासिकांना पाठवायच्या, विजेचं बिल भरायचं, बँकेचं खातं बघायचं, एवढाच माझा व्यवहार. मुलीनं एक नियम लावून दिला होता. आठवड्यातून एकदा टर्मिनल नावाची काळी खिडकी उघडायची आणि ‘सुडो आप्ट अपडेट’ ही आज्ञा द्यायची. मी ती इमानानं देत असे. पण एके दिवशी उत्तराच्या शेवटी इशाऱ्यांच्या ओळी येऊ लागल्या. बऱ्याच ओळी, सगळ्या सारख्या दिसणाऱ्या, प्रत्येकीच्या सुरुवातीला इंग्रजी ‘डब्ल्यू’ हे अक्षर. मतलब असा, की अमुक यादी दोन ठिकाणी नोंदलेली आहे, एक या फाइलीत आणि एक त्या फाइलीत.

पहिल्या आठवड्यात मी घाबरलो. दुसऱ्या आठवड्यात पाहिलं, तर संगणक नीट चालतोय. तिसऱ्या आठवड्यापासून त्या ओळी वाचणंच सोडलं. चुकलं ते इथे.

हा इशारा समजून घ्यायचा, तर लिनक्समध्ये सॉफ्टवेअर येतं कुठून, ते आधी पाहिलं पाहिजे. इथे सॉफ्टवेअरची मोठमोठी कोठारं असतात. त्यांना रिपॉझिटरी म्हणतात. प्रणाली बनवणारे लोक तपासलेली सॉफ्टवेअर त्या कोठारात ठेवतात आणि आपला संगणक तिथून माल आणतो. १९९३ साली इयन मर्डॉक या विद्यार्थ्यानं डेबियन या प्रणालीची सुरुवात केली. तिच्या १९९९ सालच्या आवृत्तीत ‘आप्ट’ हा माल आणणारा गडी दाखल झाला. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये आलेली उबुंटू डेबियनवरच उभी आहे, म्हणून तिच्याकडेही हाच गडी आहे.

या गड्याला कोठारांचे पत्ते लागतात. ते ‘सोर्सेस डॉट लिस्ट’ नावाच्या फाइलीत लिहिलेले असतात. तिच्या शेजारी ‘सोर्सेस डॉट लिस्ट डॉट डी’ नावाचा एक फोल्डर असतो. त्यात पत्त्यांच्या आणखी छोट्या छोट्या फाइली राहतात. बाहेरचं एखादं सॉफ्टवेअर बसवलं, की ते आपल्या कोठाराचा पत्ता बहुधा या फोल्डरात स्वतःच लिहून ठेवतं. म्हणजे वही एक आणि तिला जोडलेल्या चिठ्ठ्या अनेक. आप्ट सगळं एकत्र वाचतो. त्याला एकच पत्ता दोनदा दिसला, की तो मालकाला सांगतो.

मग ओळी इतक्या कशा येतात? पत्त्याच्या एका ओळीत बरंच काही असतं. आधी कोठाराचं ठिकाण. मग आवृत्तीचं टोपणनाव. उबुंटूच्या २२.०४ या आवृत्तीचं नाव जॅमी, २४.०४ चं नोबल. त्यानंतर कोठारातले विभाग. उबुंटूमध्ये ते चार आहेत: मेन, रिस्ट्रिक्टेड, युनिव्हर्स आणि मल्टिव्हर्स. प्रत्येक विभागात पुन्हा वेगवेगळ्या याद्या असतात. एक सॉफ्टवेअरची, एक वर्णनांच्या भाषांतराची, एक चित्रांची. पत्त्याची एक ओळ दोनदा लिहिली गेली, तर या प्रत्येक यादीमागे एकेक इशारा छापला जातो. तेव्हा डझनावारी ओळी पाहून डझनावारी दोष आहेत असं समजू नये. मूळ चूक बहुधा एकच असते आणि ती दुरुस्त केली की सगळ्या ओळी एकदम जातात.

दोन्ही नोंदी अगदी सारख्या असतील, तर नुकसान काही नाही. आप्ट दुसरी नोंद बाजूला ठेवतो आणि माल एकदाच आणतो. खरी अडचण पुढे आहे.

कोठारातून आलेला माल खरा कशावरून? वाटेत कुणी भेसळ केली नाही कशावरून? यासाठी कोठाराच्या मुख्य यादीवर एक डिजिटल सही असते. ती सही ओळखणारी किल्ली आपल्या संगणकात ठेवलेली असते. सही जुळली तर यादी खरी, यादी खरी तर तिच्यात दिलेल्या खुणांवरून प्रत्येक सॉफ्टवेअर पडताळता येतं. अलीकडे पत्त्याच्या नोंदीतच लिहून ठेवतात, की या कोठाराची सही अमुक किल्लीनं तपासावी. आता समजा, एकाच कोठाराच्या दोन नोंदी आहेत. एक म्हणते ही किल्ली वापर, दुसरी म्हणते ती वापर. मग आप्ट काय करतो? तो अंदाज करत नाही. काम थांबवतो. फक्त त्या कोठाराचं नव्हे, सगळ्याच कोठारांचं. पडद्यावर ‘ई’ या अक्षरानं सुरू होणाऱ्या एक-दोन ओळी येतात. त्यांचा अर्थ: किल्लीच्या नोंदी परस्परविरोधी आहेत, पत्त्यांची यादी वाचता येत नाही. ‘डब्ल्यू’ म्हणजे इशारा, काम चालू आहे. ‘ई’ म्हणजे चूक, काम झालेलं नाही. दोन अक्षरांतला हा फरक मला ठाऊक नव्हता.

माझ्या बाबतीत नेमकं हेच घडलं. एका ब्राउझरच्या कोठाराचा पत्ता मी कुठलीशी जुनी सूचना वाचून हातानं लिहिला होता. नंतर त्या ब्राउझरनंही आपला पत्ता लिहिला. तेव्हापासून इशारे सुरू झाले. पुढे कधीतरी त्याची नोंद बदलली आणि दोन्ही नोंदींतल्या किल्ल्या वेगळ्या झाल्या. त्या आठवड्यात पडद्यावर दोनच ओळी आल्या. मला आनंद झाला! म्हटलं, आजार आपोआप बरा झाला. प्रत्यक्षात त्या दिवसापासून माझ्या संगणकात कोठारांतून सुरक्षेची एकही दुरुस्ती आली नव्हती. ईदला मुलगी घरी आली, तेव्हा तिनं पाहिलं. जवळजवळ तीन महिने मी जुन्या, छिद्रं न बुजवलेल्या ब्राउझरमधून बँकेचं काम करत होतो. सुदैवानं काही गेलं नाही. पण त्यात माझी हुशारी काही नव्हती.

पत्ते दोनदा कसे लिहिले जातात? मुख्य वाटा तीन. पहिली माझी, आपणही लिहितो आणि सॉफ्टवेअरही लिहितं. दुसरी वाट आवृत्ती बदलण्याची. उबुंटू एका आवृत्तीतून दुसऱ्या आवृत्तीत जाताना बाहेरच्या कोठारांचे पत्ते तात्पुरते बंद करते. आपल्याला वाटतं पत्ता गेला, म्हणून आपण नवा लिहितो. पुढे जुनाही चालू केला जातो. तिसरी वाट नव्या पद्धतीमुळे निघाली. २०२४ च्या एप्रिलमध्ये आलेल्या २४.०४ या आवृत्तीपासून उबुंटूनं आपले मुख्य पत्ते जुन्या फाइलीतून काढून शेजारच्या फोल्डरात ‘उबुंटू डॉट सोर्सेस’ या फाइलीत नेले. जुनी फाइल जवळजवळ रिकामी दिसते. ती पाहून एखादा घाबरतो, जुन्या पुस्तकातल्या ओळी तिथे उतरवून काढतो आणि सगळे पत्ते दुहेरी होतात.

आता उपाय. पहिला उपाय वाचण्याचा. इशाऱ्याच्या एकाच ओळीत दोन्ही फाइलींची नावं असतात. जुन्या पद्धतीच्या फाइलीच्या नावापुढे विसर्गासारखी दोन टिंबं आणि एक आकडा असतो. तो ओळीचा क्रमांक. म्हणजे चूक कुठे आहे, ते घर नंबरासकट सांगितलेलं असतं. दोन्ही नावं कागदावर लिहून घ्यावीत.

दुसरं, कोणती नोंद ठेवायची ते ठरवावं. उबुंटूचे स्वतःचे पत्ते असतील आणि आवृत्ती २४.०४ किंवा नंतरची नव्यानं बसवलेली असेल, तर ‘उबुंटू डॉट सोर्सेस’ला हात लावू नये. जुन्या फाइलीत आपण घातलेली ओळ काढावी. बाहेरच्या सॉफ्टवेअरचा पत्ता असेल, तर त्यानं स्वतः लिहिलेली नोंद ठेवावी आणि आपण लिहिलेली बंद करावी. त्याची नोंद काढली, तर पुढच्या वेळी ते ती पुन्हा लिहिण्याचा संभव असतो.

तिसरं, फाइलीला हात लावण्याआधी तिची एक प्रत आपल्या घरच्या फोल्डरात ठेवावी. आणि ओळ पुसू नये, निजवावी. ओळीच्या सुरुवातीला हॅशचं, म्हणजे आडव्या-उभ्या चार काड्यांचं चिन्ह दिलं, की आप्ट ती ओळ वाचत नाही. चुकलं तर चिन्ह काढलं की ओळ पुन्हा जागी. नव्या पद्धतीच्या फाइलीत नोंद एका ओळीची नसून परिच्छेदाची असते. तिथे ‘एनेबल्ड’ या शब्दापुढे ‘नो’ लिहिलं, की तो परिच्छेद बंद होतो. काळ्या खिडकीची भीती वाटत असेल, तर ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’ नावाची साधी खिडकी ज्या आवृत्तीत आहे, तिथे बाहेरच्या कोठारांची यादी पाहून नको त्या पत्त्यापुढची बरोबरची खूण काढता येते. मात्र पत्ते वाचताच येत नाहीत अशी चूक आलेली असेल, तर फाइलच उघडावी लागते.

शेवटी पुन्हा ‘सुडो आप्ट अपडेट’. ओळी नाहीशा झाल्या, तर एवढ्यावर थांबू नये. ‘ई’ अक्षराची ओळ नाही ना, आणि कोठारांच्या नावांच्या ओळी नेहमीसारख्या आल्या ना, हे पाहावं. माझ्यासारखं फसू नये.

एक सावधगिरी सांगतो. ‘सुडो’ या शब्दानं आपण आज्ञेला मालकाचा अधिकार देतो. तेव्हा कुणी सांगितलेली लांबलचक आज्ञा न समजता चिकटवू नये. सगळा फोल्डरच रिकामा करा, असा सल्ला कुणी दिला तर मुळीच ऐकू नये. इशारे जातील खरे, पण त्यांच्याबरोबर पत्तेही जातील.

आमच्या घरी ती दुरुस्ती दहा मिनिटांत झाली. माझ्या ओळीआधी मुलीनं एक चिन्ह घातलं, बस. मग तिनं मला नव्या उबुंटूची ती रिकामी दिसणारी जुनी फाइल दाखवली. ती अगदीच रिकामी नव्हती. तिच्यात एक ओळ होती: उबुंटूचे पत्ते आता अमुक फाइलीत हलवले आहेत.

मी ती ओळ दोनदा वाचली. अम्मीच्या त्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बांनी वही घेतली होती. जुन्या पानावरच्या नंबरावर त्यांनी एक रेघ मारली आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं: ‘ड’ पाहा.