मोटारीच्या पुढील चाकाचा बाहु

खाचखळग्यांवरून जातांना मोटारीच्या पुढील बाजूस ‘खट्ट’ असा आवाज होऊं लागला, म्हणजे आपण बहुधा कारखान्याची वाट धरतों. आमच्या जुन्या मारुती ८०० गाडीनें (हा नमुना १९८३ पासून २०१४ पर्यंत तयार होत असे) तोच सूर काढिला, तेव्हां आम्हीं घरच्या अंगणांतच कामास हात घालण्याचें ठरविलें.

चाक वरखालीं व्हावें, पण आडवें सरकूं नये, म्हणून गाडीच्या सांगाड्यापासून चाकापर्यंत एक पोलादी बाहु लाविलेला असतो. कारागीर त्यास ‘लोअर आर्म’ म्हणतात. त्याचें आंतलें टोंक रबरी बुशांत, आणि बाहेरचें ‘बॉल जॉइंट’मध्यें असतें. हा सांधा आपल्या खांद्यासारखा, उखळींत फिरणाऱ्या गोळ्याचा. तो अतिशय झिजला, तर गोळा निखळून धांवत्या गाडीचें चाक आडवें पडतें. यास्तव त्या आवाजाकडे कानाडोळा करूं नये.

मागील चाकांखालीं दगड दिले. पुढील चाकाचे नट गाडी जमिनीवर असतांनाच सैल केले, मग जॅकनें गाडी उचलून भक्कम लोखंडी घोड्यांवर ठेविली. केवळ जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं शिरणें हें जिवाशीं खेळणें होय. विद्यार्थ्यांनीं तर वडील माणसांवांचून या कामास हात लावूंच नये.

सांध्याचा बोल्ट गंजला होता. त्यास रात्रभर तेल पाजलें, तेव्हां कोठें सकाळीं तो हालला. स्टॅबिलायझर दांड्याचा नट व आंतला बोल्ट काढतांच जुना बाहु हातीं आला. नवा बसविणें त्याहून सोपें वाटलें, व तेथेंच आम्ही फसलों. चाक हवेंत लोंबत असतांनाच आम्हीं बुशाचा बोल्ट घट्ट आवळला. चार महिन्यांत रबर फाटलें! कारण असें कीं, बोल्ट आवळतांच बुशाची आंतली नळी सांगाड्याशीं जखडली जाते, आणि त्यापुढें बाहु हालतो तो केवळ रबरास पीळ देऊन. लोंबत्या स्थितींत जखडलेलें रबर गाडी खालीं येतांच पिळलें जातें, व गाडी उभी असतांही तो पीळ सुटत नाहीं. दुसऱ्या खेपेस आम्हीं बोल्ट प्रथम हातानेंच बसविला. बाहूच्या बाहेरच्या टोंकाखालीं दुसरा जॅक लावून, घोडीवरचा भार हलका होईपर्यंत तो उचलला, आणि मगच पान्ह्यानें शेवटचा वेढा दिला.

चाकांची दिशा मात्र कारखान्यांतच तपासून घेतली. तीं किंचित् तिरपीं राहिलीं तरी टायर एका बाजूनें झिजतात. तेथील मिस्त्रींनीं आमचे काळे हात पाहून हंसत विचारलें, “उजवीकडचा कधीं?” त्याचेंही वय तेवढेंच, आणि तो अद्याप राहिला आहे.