आट्यांचा आरंभ आणि शेवट

पाण्याच्या बाटलीचें झांकण आपण दिवसांतून कितीतरी वेळां उघडतों व लावतों. परंतु तिच्या गळ्यावरील आटे कोठें सुरू होतात व कोठें संपतात, हें निरखून पाहणारा विद्यार्थी विरळाच. गळ्यावरून बोट फिरवून पाहावें, म्हणजे असें आढळेल कीं, आट्याची कड सहसा एकाएकीं उभी राहत नाहीं. ती हळूहळू वर येते व शेवटीं तशीच विरून जाते. या निमुळत्या टोंकांचें प्रयोजन काय, व संगणकावर यंत्रभागांच्या आकृति रचतांना तीं कशीं साधावीं, याचें थोडक्यांत विवेचन करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

प्रथम आटा म्हणजे काय तें पाहूं. कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापून तो पेन्सिलीभोंवतीं गुंडाळला, म्हणजे त्याचा कर्ण वर वर चढत जाणारी मळसूत्री रेषा काढतो. हीच आट्याची मूळ रेषा होय. एका पूर्ण वळशांत ती जितकी वर चढते, त्या अंतरास पिच म्हणतात. कारखान्यांत एम १० या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या नेहमींच्या बोल्टाचा बाहेरील व्यास १० मिलिमीटर व पिच १.५ मिलिमीटर असतो. म्हणजे त्याच्या त्रिकोणाचा पाया सुमारें ३१.४ मिलिमीटर, तर उंची अवघी १.५ मिलिमीटर! चढ इतका अल्प असल्यामुळेंच हातानें आवळलेला बोल्टहि मोठा भार धरून ठेवतो.

आतां टोंकांचा विचार करूं. नटाचा आटा बोल्टाच्या खांचेंत पहिल्याच वळशास सरळ शिरला पाहिजे. बोल्टाचें टोंक सपाट कापून तसेंच ठेविलें, तर नट तिरपा बसण्याचा संभव असतो. आणि मग पान्यानें जोर केला कीं, दोन्ही आटे एकमेकांस कापून टाकतात. म्हणून टोंकाची कड तिरपी कापतात. कारागीर यास चॅम्फर मारणें असें म्हणतात. एम १० बोल्टाची खांच सुमारें ०.९२ मिलिमीटर खोल असते. तेव्हां १ मिलिमीटरचा चॅम्फर मारला असतां टोंकाचा व्यास ८ मिलिमीटर उरतो, आणि ८.३८ मिलिमीटर भोंकाच्या नटांत तें टोंक सहज शिरून नटास वाट दाखवितें.

परंतु या उपायासहि एक मर्यादा आहे. चॅम्फर मारलेल्या टोंकावर पहिल्या आट्याची कड पात्यासारखी पातळ होते. पोलादाचा बोल्ट असेल तर चिंता नाहीं. पण पितळेची किंवा प्लास्टिकची वस्तु वारंवार लावावी-काढावी लागत असेल, तर ही पातळ कड वांकते, तुटते व पुढच्या आट्यांत अडकते. म्हणून आग विझविणाऱ्या नळ्यांच्या जोडांत तो अपुरा पातळ भाग काढूनच टाकतात व आटा पूर्ण उंचीनेंच सुरू करतात. यास हिग्बी काट असें नांव आहे. अंधारांत व घाईंत जोड लावतांना तो तिरपा चढूं नये, हा त्यांतील हेतु.

असल्या बारीकसारीक गोष्टींवर किती अवलंबून असतें, हें अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरानें अनुभविलें. ७ फेब्रुवारी १९०४ रोजीं तेथें मोठी आग लागली. दुसऱ्या शहरांहून बंब धांवून आले; पण त्यांपैकीं पुष्कळांच्या नळ्यांचे आटे बाल्टिमोरच्या पाण्याच्या तोट्यांवर बसेनात. मदत दारांत उभी, आणि पाणी मिळेना! दीड हजारांहून अधिक इमारती भस्मसात् झाल्या. आटे न जुळणें हेंच त्या हानीचें एकमेव कारण नव्हतें, हें खरें. तथापि तो धडा इतका कटु होता कीं, पुढल्याच वर्षीं, १९०५ सालीं, नळ्यांच्या जोडांसाठीं त्या देशांत एक समान प्रमाण मान्य करण्यांत आलें. इंग्लंडांत जोसेफ व्हिटवर्थ यांनीं बोल्टांसाठीं ५५ अंशांच्या आट्याचें प्रमाण १८४१ मध्येंच सुचविलें होतें. आजच्या मेट्रिक आट्याचा कोन ६० अंशांचा आहे.

येथें एक घोटाळा टाळला पाहिजे. निमुळत्या टोंकाचा आटा निराळा व निमुळता आटा निराळा. पाण्याच्या वा वाफेच्या नळांवरील कांहीं आटे मुळापासून टोंकापर्यंत सबंधच निमुळते असतात. दर १६ मिलिमीटर लांबीस त्यांचा व्यास १ मिलिमीटर कमी होतो. जोड आवळतां आवळतां घट्ट होऊन गळूं नये म्हणून ती योजना असते. आमचा विषय केवळ टोंकांपुरता आहे.

संगणकावरील कॅड प्रणालींत एम १० चा आटा रचावयाचा, तर प्रथम १० मिलिमीटर व्यासाचा दंडगोल घ्यावा व त्याच्या टोंकास चॅम्फर द्यावा. नंतर १.५ मिलिमीटर पिचाची मळसूत्री रेषा काढावी. मात्र तिचा आरंभ टोंकाच्या एक पिच बाहेर, मोकळ्या हवेंत असावा. त्या रेषेवर ६० अंशांचा, अग्र किंचित् बोथट केलेला त्रिकोणी छेद फिरवून तितका भाग दंडगोलांतून वजा करावा. पृष्ठभागावर खांचेचें तोंड सुमारें १.३१ मिलिमीटर रुंद असावें. तें पिचाहून रुंद झालें, तर शेजारचे वळसे एकमेकांत घुसतात व संगणक काम नाकारतो. छेदाचा पाया पृष्ठभागाच्या किंचित् बाहेर ठेवावा. दोन पृष्ठभाग तंतोतंत एकावर एक आले, तर वजाबाकी फसते.

बाहेरील टोंक असें साधलें. पण बोल्टाच्या डोक्याकडील टोंकास खांच एकदम थांबते व तेथें उभी भिंत राहते. लेथवर काम करणारा कारागीर मळसूत्र फिरत असतांनाच हत्यार बाहेर ओढतो, त्यामुळें खांच उथळ होत होत नाहींशी होते. त्याचें अनुकरण असें करावें: मूळ रेषेच्या शेवटापासून अर्ध्या वळशाची, त्याच पिचाची शंक्वाकार रेषा पुढें काढावी. अर्ध्या वळशांत ती ०.७५ मिलिमीटर पुढें सरकेल. तेवढ्यांत तिची त्रिज्या १ मिलिमीटरनें वाढवावी. ०.७५, १ व १.२५ हा तर आपल्या भूमितींतील ३, ४, ५ चाच काटकोन त्रिकोण! म्हणून शंकूची बाजू अक्षाशीं सुमारें ५३ अंशांचा कोन करते. फ्रीकॅड या मोफत प्रणालींत हा कोन आंकड्यानें देतां येतो. ०.९२ मिलिमीटर खोल असलेली खांच १ मिलिमीटर उचलली, म्हणजे ती पृष्ठभागाबाहेर निघून संपते.

बाटलीसारखा उठावाचा आटा असेल, तर तो पातळ चकत्यांनीं रचावा. दर ५ अंशांस एक, अशा ७२ चकत्यांचा एक वळसा होतो. पहिल्या १८ चकत्यांची उंची अनुक्रमें पूर्ण उंचीच्या १/१८, २/१८ अशी वाढवीत गेलें कीं, पाव वळशांत आटा पूर्ण उंच होतो. शेवटीं हाच क्रम उलटा करावा.

प्रत्येक बोल्टास असे खरे आटे रचण्याचा हव्यास मात्र धरूं नये. त्यानें संगणकावर व्यर्थ भार पडतो. कारखान्याच्या नकाशांत आटे बारीक रेषांनींच दाखविण्याचा प्रघात आहे. वस्तु त्रिमिती मुद्रण यंत्रावर छापावयाची किंवा तिचा सांचा करावयाचा असेल, तेव्हांच हे श्रम सार्थकीं लागतात.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे कीं, घरांत एखादें झांकण नीट बसेनासें झालें, तर तें फेंकण्यापूर्वीं मुलांच्या हातीं द्यावें व दोष कोठें आहे तें त्यांस शोधूं द्यावें. बहुधा तो आट्याच्या मध्यभागीं सांपडणार नाहीं. आरंभाच्या पहिल्या पाव वळशांतच सांपडेल. बळ लावण्यापूर्वीं आरंभ सरळ करून घ्यावा, ही शिकवण बोल्टास जितकी लागू, तितकीच विद्यार्थ्यासहि लागू आहे.