टेरियरची पारख

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील पाद्री जॉन रसेल यांनी 1819 च्या सुमारास, ऑक्सफर्डला शिकत असता, एका गवळ्यापाशी ‘ट्रम्प’ नावाची टेरियर कुत्री पाहिली आणि तत्काळ विकत घेतली. पुढे तिच्या वंशातून, कोल्ह्याला ठार न मारता केवळ बिळातून हुसकावून बाहेर काढणारी जी कुत्री त्यांनी सिद्ध केली, त्यांना आज रसेल यांचेच नाव आहे. 1873 साली स्थापन झालेल्या केनेल क्लबचे ते आरंभीचे सभासद खरे, तथापि स्वतःची कुत्री प्रदर्शनात मिरवण्याची त्यांना हौस नव्हती.

व्यंग कशाला म्हणावे, हे बिळाच्या तोंडाशीच ठरवावे. उभा कान परीक्षकाच्या दप्तरी कसूर ठरो. कोल्ह्याला त्याचे सोयरसुतक नसते. छातीची गोष्ट मात्र निराळी: खांद्यामागे ती दोन्ही हातांच्या पकडीत मावली पाहिजे आणि बोटांखाली किंचित दबलीही पाहिजे, कारण पिंपासारखी छाती घेऊन अरुंद बिळात शिरलेले शूर कुत्रे तेथेच अडकून पडते.

सर्वांत दगलबाज दोष वरून दिसत नाही. अनेक टेरियर कुळांत नेत्रभिंग जागेवरून निसटण्याचा आनुवंशिक विकार आढळतो; तो बहुधा तिसऱ्या ते आठव्या वर्षी प्रकटतो, म्हणजे तोवर त्या कर्तबगार नराची संततीही होऊन गेलेली असते. सदोष जनुकाच्या दोन प्रती एकत्र आल्या तरच हा विकार सहसा उद्भवतो; यास्तव एकच प्रत वाहणारा गुणी नर बाद करणे मला अपव्ययाचे वाटते. जनुकचाचणीत निर्दोष ठरलेल्या मादीशीच त्याची जोडी जुळवावी, आणि चाचणीच्या दाखल्याबाबत कोणाचाही मुलाहिजा राखू नये.