कापूस नव्हे, कीड आहे ती!

गॅलरीतल्या जास्वंदीकडे जरा नीट बघा. पानं आकसलीयेत, कळ्या उमलायच्या आधीच गळतायत आणि देठाच्या बेचक्यात कापसासारखं काहीतरी चिकटलंय? मग तुमच्याकडे पिठ्या ढेकूण, म्हणजेच मिलीबग, मुक्कामाला आलाय.

हा पठ्ठ्या पान कुरतडत नाही. सुईसारखी सोंड खुपसून रस ओढतो. रसातली जादा साखर चिकट थेंबांच्या रूपात बाहेर टाकतो. त्यावर काळी बुरशी चढते, मुंग्या जमतात. या मुंग्या नुसतं गोड खाऊन जात नाहीत. मिलीबगच्या शत्रूंना हुसकावूनही लावतात. म्हणून कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली, की पानं उलटून बघाच.

स्प्रे मारला की विषय संपला, असं वाटतं ना? इथेच गोची आहे. त्याच्या अंगावरचं ‘पीठ’ म्हणजे मेण. बरंचसं औषध त्यावरून ओघळून जातं आणि मरतात ते त्याला खाणारे कीटक.

तमिळनाडूच्या शेतकऱ्यांनी हे भोगलंय. 2008 मध्ये कोइमतूरला पपईवरचा परदेशी मिलीबग सापडला. मूळचा मेक्सिको-मध्य अमेरिकेतला; त्याचे शत्रू तिकडेच राहिलेले. पपई, तुती, टॅपिओका असं करत तो पसरला, महाराष्ट्रातल्या पपईपर्यंत पोचला. फवारण्या करूनही हटेना. शेवटी 2010 मध्ये प्युर्टो रिकोहून ‘असेरोफॅगस पपायी’ ही इवलीशी परजीवी माशी आणली. ती मिलीबगच्या अंगात अंडी घालते आणि तिची अळी त्याला आतून खाते. जे फवारणीला जमलं नाही, ते तिनं करून दाखवलं.

तुमच्या कुंडीसाठी एवढं करा:

* कुंडी इतर झाडांपासून लांब ठेवा.
* फार किडलेल्या फांद्या छाटून पिशवीत बांधून टाका.
* उरलेली कीड स्पिरिटमध्ये बुडवलेल्या इअरबडनं पुसा.
* सौम्य साबणाचं पाणी पानांच्या खालूनही फवारा. आठवड्यानं पुन्हा करा. अंड्यांतून नवी पिल्लं येतात.
* मुंग्यांची वाट बंद करा.

आणि हो, मिलीबगच्या गर्दीत तसाच पांढरा, झिपऱ्या, पण मोठा आणि भराभर पळणारा किडा दिसला तर थांबा. ती क्रिप्टोलिमस नावाच्या भुंगेऱ्याची अळी असू शकते. द्राक्षबागांत हे भुंगेरे मुद्दाम सोडतात, कारण मिलीबग हेच तिचं जेवण. तिला चिरडू नका, जेवू द्या!