राहून गेलेली तपासणी

२४ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून टाळेबंदी लागली. तारकर्लीत पर्यटक थांबले, एसटीही थांबली. आम्हा साऱ्यांच्या तोंडी एकच आजार होता, कोरोना. त्या धास्तीत एचआयव्हीची तपासणी मात्र मागे पडली. ग्लोबल फंडाच्या अहवालानुसार, तो मदत करतो त्या देशांत २०२० साली या तपासण्या २२ टक्क्यांनी घटल्या. ताप लगेच कळतो. हा विषाणू कित्येक वर्षे लक्षणच दाखवत नाही. म्हणून राहून गेलेली तपासणी आजही करून घ्यायला हवी.

उपचार घेणाऱ्यांना तीन महिन्यांपर्यंतच्या गोळ्या एकदम देण्याची सोय शासनाने केली. पण गाडीच नसेल तर तारकर्लीहून ओरोस गाठायचे कसे? आणि गोळ्यांत खंड पडला की विषाणू पुन्हा डोके वर काढतो.

सरकारी केंद्रांत तपासणी आणि औषधे मोफत आहेत. गरोदर बहिणीला वेळेवर उपचार मिळाले, तर बाळाला लागण होण्याचा धोका फारच कमी होतो. माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

२०१७ च्या कायद्याने रुग्णाची गुप्तता राखणे बंधनकारक केले आहे. आम्ही तर म्हणू, शेजाऱ्याचा आजार आपल्याला कळला, तर ती अमानत आहे. गावात बोभाटा होणार नाही ही खात्री असली, तरच माणूस तपासणीला जाईल.